आजीच्या घरातलं रेशमावरचं बोटींचं चित्र: हे जपानी आहे का, आणि साफ करायचं कसं?

दांडियाबाजारची_लेक

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच इथे धागा काढतेय, लांबलचक झालं तर सांभाळून घ्या.

आमचं जुनं घर वडोद्यात दांडिया बाजारात. आजी अजून तिथेच असते, ८८ वर्षांची आहे. दिवाणखान्यात झोपाळ्याच्या समोरच्या भिंतीवर एक लांबट चित्र आहे, साधारण चार फूट रुंद आणि दीड फूट उंच, काळ्या लाकडी फ्रेममधे काचेखाली. कागद नाहीये, कापड आहे, जवळून बघितलं की विणीचे धागे दिसतात, रेशीम असावं असं मला वाटतं. चित्रात बंदर आहे, मागे डोंगर, पाण्यात तीन मोठ्या बोटी, दोन शिडाच्या आणि एक धूर सोडणारी, आणि बारक्या होड्या तर मोजता येणार नाहीत इतक्या. डावीकडे खाली वरून खाली लिहिलेली तीन-चार अक्षरं आणि दोन लाल चौकोनी शिक्के.

घरात सगळे याला कायम "मुंबई बंदराचं चित्र" म्हणत आलेत. आजीचे सासरे खाजगी खात्यात, म्हणजे राजघराण्याच्या कारभारात, नोकरीला होते, आणि सयाजीराव महाराज जपानहून परत आले तेव्हा त्यांनी हे दिलं असं सांगतात. मुंबईचं चित्र जपानहून कशाला आणतील हे लहानपणी कधी डोक्यातच आलं नाही, परवा आलं.

परवा का, तर गेल्या पुरात पाणी ओट्यापर्यंत आलं होतं, घरात शिरलं नाही पण भिंतीला ओल धरली, आणि आता चित्राच्या उजव्या कोपऱ्यात तपकिरी डाग पसरत चाललाय. आकाशाच्या भागात आडव्या बारीक भेगाही आहेत. फ्रेमवाल्याला फोटो दाखवला तर तो म्हणाला ओल्या कापडाने पुसून प्लायवर चिकटवून देतो, एकदम ताठ बसेल, नवी काच घालतो, दोन दिवसांत मिळेल. माझा चुलतभाऊ उद्याच घेऊन जायला निघालाय. मला का कोण जाणे धाकधूक होतेय. कोणाला यातलं कळतं का? चित्र कुठलं असेल आणि करू काय?

कमाटीबाग_निवृत्त

ताई, आधी भावाला फोन करा, मग पुढचं वाचा. पुसायचं नाही, चिकटवायचं तर मुळीच नाही.

मी म्युझिऑलॉजी म्हणजे संग्रहालयशास्त्र शिकलो ते आपल्या एम. एस. युनिव्हर्सिटीतच, हा विभाग १९५२ सालापासून आहे, आणि पुढची सगळी नोकरी जुन्या वस्तू सांभाळण्यातच गेली, म्हणून जरा अधिकाराने बोलतोय. रेशमावरचं जपानी चित्र कसं करतात ते एकदा समजलं की पुसायचं का नाही ते आपोआप कळेल. रेशीम चौकटीवर ताणून त्यावर जनावराच्या सरसाचं आणि तुरटीचं पातळ पाणी फिरवतात, म्हणजे रंग फुटत नाही. रंग दगडाचे, दळलेले, निळा ॲझुराइटचा, हिरवा मॅलाकाइटचा, पांढरा शिंपल्यांच्या भुकटीचा, आणि हे सगळं कापडाला धरून ठेवतो तो परत सरसच. सरस पाण्यात विरघळतो. ओलं कापड फिरवलंत की शंभर-दीडशे वर्षं जागेवर बसलेले कण कापडाबरोबर निघून येतील आणि समुद्राचा निळा आकाशात जाईल. मी असं एक चित्र बघितलंय, कुणाचं ते सांगत नाही, त्यातल्या बाईचा चेहरा एका पुसण्यात गेला होता, मालकीणबाई माझ्यासमोर रडल्या.

आडव्या भेगा म्हणताय त्यावरून हे आधी गुंडाळीचं चित्र असावं, काकेजिकू म्हणतात तसं, भिंतीवर टांगायचं, आणि नंतर कोणीतरी फ्रेम केलं. वर्षानुवर्षं गुंडाळून सोडलं की रेशीम घडीवर तुटतं. मागे हार्डबोर्ड किंवा साधं लाकूड असेल तर त्यातलं आम्ल कापडात उतरतं, तपकिरी डागाचं निम्मं कारण तेच असतं, उरलेलं निम्मं ओल. आणि काच कापडाला टेकलेली असेल तर पावसाळ्यात आतल्या आत दव धरतं आणि बुरशी येते.

सध्या फक्त एवढं करा. त्या ओल्या भिंतीवरून चित्र उतरवा, दोघांनी धरून. कोरड्या खोलीत, बाहेरच्या भिंतीला लागून नसलेल्या जागी, आडवं ठेवा, काच वर. ऊन नको, ट्यूबलाइटखालीसुद्धा नको, संग्रहालयात रेशमाला ५० लक्सच्या वर उजेड देत नाहीत म्हणजे साधारण संध्याकाळच्या खोलीएवढा. डांबरगोळ्या ठेवू नका. कसर दिसली तर फवारे मारू नका, मला सांगा. काच उघडायची नाही, कारण रंग काचेला चिकटला असेल तर काचेबरोबर निघेल.

खमंग_ढोकळा

आमच्याकडे जुन्या तसबिरी ब्रेडच्या मऊ गराने हलके हलके पुसतात, पाणी लागत नाही, मस्त निघतो मळ. करून बघा.

कमाटीबाग_निवृत्त

नका हो, प्लीज. ब्रेडचा चुरा विणीत अडकतो, त्यात तेल असतं, मीठ असतं, आणि पावसाळ्यात झुरळं आणि बुरशी दोघांना आमंत्रण. तेलरंगाच्या चित्रालाही करू नये, रेशमाला तर नाहीच.

गलबतवाला_सुरत

मी मूळचा बडोद्याचा, आता सुरतेला असतो, जुन्या बंदरांचा मला नादच आहे त्यामुळे हा धागा सोडवत नाही. ताई, भिंग घेऊन चार गोष्टी बघून सांगा ना. एक, किनाऱ्याला लागून हातपंख्यासारखं वळलेलं छोटं बेट आहे का, आत घरांच्या रांगा आणि गावाला जोडणारा एकच पूल? दोन, बोटींवरची निशाणं कशी आहेत, पट्टे आडवे की उभे आणि वरून कुठला रंग? तीन, मोठ्या बोटीच्या पुढे होड्यांची रांग दोराने जोडलेली दिसते का? चार, मागे लांबवर एकटा पांढऱ्या टोकाचा डोंगर आहे की दोन्ही बाजूंनी टेकड्या?

एकटा पांढरा डोंगर म्हणजे फुजी आणि मग योकोहामा असण्याची शक्यता, ते बंदर परदेशी लोकांना १८५९ मधे उघडलं. टेकड्यांमधे शिरलेली चिंचोळी खाडी आणि पंख्याचं बेट असेल तर मात्र नागासाकी, दुसरं काही असूच शकत नाही.

दांडियाबाजारची_लेक

काका, भावाला थांबवलं. खूप आभार. चित्र उतरवून मधल्या खोलीत पलंगावर ठेवलंय, आणि दुपारभर मी आणि आजी दोघी भिंग घेऊन त्यावर वाकलो होतो, मान अवघडली पण इतकं बघितलं की काय सांगू.

गलबतवाला, पूल आहे!!! मी आयुष्यभर त्या चित्राखाली अभ्यास केलाय आणि मला तो कधी दिसला नव्हता. उजवीकडे खाली, बरोब्बर डागाच्या कडेला, वळलेलं बेट, कडेने दगडी भिंत, आत दोन रांगा घरं, मधे उंच काठी, तिच्यावर निशाण. पूल इतका बारीक आहे की केसासारखा. निशाणाचे पट्टे आडवे, वर लाल (आता विटकरी झालाय), मधे कापडाचाच रंग, खाली निळा. शिडाच्या एका बोटीवर तसंच निशाण, आणि तिच्यापुढे होड्या आहेत, दोन रांगा, आजीने एकेक करून मोजल्या, ३१ भरल्या. दुसऱ्या शिडाच्या बोटीची शिडं वेगळीच आहेत, चटईसारखी, आडव्या काठ्या घातलेली, आणि पुढच्या टोकाला डोळा काढलाय. धुराच्या बोटीला बाजूला मोठं चाक आहे. आणि एका छोट्या होडीवर पांढऱ्या कापडावर लाल गोळा.

डोंगर दोन्ही बाजूंना. पांढरं टोक नाही.

आणि किनाऱ्यावर एका घराच्या गच्चीत एक बाई आहे, पाठीला मूल बांधलेलं, बोटीकडे बघतेय. ती मला भिंगाने पण धड दिसत नव्हती. आजीने मात्र भिंगाशिवाय बोट ठेवलं. म्हणाली, ही तर रोजची आहे.

गलबतवाला_सुरत

अहो नागासाकी! तुमच्या वर्णनावरून मला शंकाच राहिली नाही, संध्याकाळपासून घरात सगळ्यांना सांगत सुटलोय.

ते बेट म्हणजे देजिमा. १६३६ मधे समुद्रात भर घालून बांधून पुरं केलं ते पोर्तुगीजांना कोंडून ठेवायला, पण लवकरच त्यांना देशाबाहेरच काढलं आणि १६४१ पासून तिथे डच लोक आले. क्षेत्रफळ साधारण १५,००० चौरस मीटर, म्हणजे जेमतेम एक क्रिकेटचं मैदान. दोनशेहून जास्त वर्षं युरोपातून जपानला जायचा एवढा एकच दरवाजा होता, आणि त्या दरवाज्यावर तो तुम्हाला दिसलेला केसाएवढा पूल, पुलावर पहारा, परवानगीशिवाय डचाने गावात जायचं नाही आणि गावकऱ्याने आत यायचं नाही. बेटावर दहा-पंधरा डच असायचे, वर्षाकाठी एक-दोन जहाजं यायची बटाव्हियाहून (आजचं जकार्ता), पावसाळी वाऱ्यावर, उन्हाळ्याच्या शेवटी. अख्खं गाव बघायला जमायचं. तुमची गच्चीतली बाई बहुतेक तेच बघतेय.

होड्यांची रांग का, तर खाडी चिंचोळी, वारा डोंगराने अडलेला, मोठं जहाज शिडावर आत येऊ शकत नाही, मग वल्ह्यांच्या होड्या त्याला ओढून आणायच्या. डोळा काढलेली बोट चिनी. चिनी व्यापाऱ्यांचीही तिथे वेगळी कुंपणातली वसाहत होती १६८९ पासून.

आता साल. चाकाची आगबोट आणि लाल गोळ्याचं निशाण, ही दोन माझ्या मते चावी आहेत. डचांनी आगबोट नागासाकीला आणली ती १८५४ मधे, सुम्बिंग नावाची, पुढच्या वर्षी ती जपानी सरकारला भेट दिली आणि तिच्यावरच जपानी खलाशी आगबोट चालवायला शिकले. लाल गोळा जपानी जहाजांची खूण म्हणून शोगुन सरकारने (जपानच्या तेव्हाच्या लष्करी राजवटीने) ठरवला तोही १८५४ मधेच, कारण त्याच्या आदल्या वर्षी अमेरिकन नौदलाचा अधिकारी पेरी याची चार जहाजं येऊन गेली होती आणि आपलं जहाज कुठलं, परकं कुठलं हे लांबून ओळखायची गरज पडली. म्हणजे चित्रातला प्रसंग १८५४ नंतरचा. आणि देजिमाचा पंखा चारी बाजूंनी पाण्यात आहे म्हणजे फार नंतरचाही नाही, कारण पुढे आजूबाजूला भर घालत गेले आणि १९०४ पर्यंत बेट पूर्ण जमिनीत गेलं.

अजून एक सांगतो, हे मला सगळ्यात जवळचं वाटतं. ती डच जहाजं जपानमधून न्यायची काय, तर तांबं. छोट्या छोट्या कांड्या, लाकडी पेट्यांत भरून. आणि ते तांबं विकलं जायचं कुठे, तर बऱ्याच अंशी हिंदुस्थानात, आमच्या सुरतेतसुद्धा, जिथे डचांची वखार होती. इथे कतारगामला डचांची घुमटाची थडगी अजून उभी आहेत, मी दर थोड्या दिवसांनी तिकडे चक्कर मारतो. उलट दिशेने हिंदुस्थानातलं छापील सुती कापड जपानला जायचं, ते लोक त्याला सारासा म्हणतात आणि चहाच्या समारंभातल्या भांड्यांना त्याच्या पिशव्या शिवायचे, इतकी त्याची किंमत. तेव्हा ताई, त्या चित्रातलं जहाज गुजरातला अगदीच अनोळखी नाही.

रावपुरा_टॉवर

सगळं छान चाललंय पण महाराजांनी दिलं या गोष्टीबद्दल मला थोडं बोलायचंय, रागावू नका. सयाजीराव महाराज १९१० मधे जपानला गेले होते हे खरं आहे, तिथून पुढे अमेरिकेला गेले. जपानी आणि चिनी वस्तूंची राजघराण्याला आवड होती हेही खरं, कमाटीबागेतल्या म्युझियममधे जपानी वस्तू आहेत, आपण लहानपणी देवमाशाचा सांगाडा आणि ममी बघायच्या नादात त्यांच्यासमोरून पळत गेलो एवढंच. पण बडोद्यात ज्या घरात जुनी चांगली वस्तू आहे तिथे ती महाराजांनीच दिलेली असते, आमच्याकडच्या पानदानाबद्दलही हेच सांगतात, आणि कागद कोणाकडेच नसतो.

दुसरा रस्ताही लक्षात घ्या. १८९३ मधे मुंबई ते कोबे अशी नियमित बोट सुरू झाली, निप्पोन युसेन कैशा कंपनीची, जमशेटजी टाटांच्या पुढाकाराने, आपल्याकडचा कापूस न्यायला. त्यानंतर मुंबईच्या बाजारात जपानी माल भरपूर आला, चिनी मातीची भांडी, पंखे, रेशीम, चित्रं. खाजगी खात्यातला माणूस मुंबईला खरेदीला जायचा, एखादी वस्तू स्वतःसाठीही घ्यायचा. "मुंबई बंदराचं चित्र" हे नाव तिथून पडलेलं असू शकतं, मुंबई बंदरातून आणलेलं चित्र, आणि पुढच्या पिढीने अर्थ बदलला.

आजींच्या सासऱ्यांचा काही कागद, वही, पावती, नोकरीचा दाखला घरात आहे का? फ्रेमच्या मागे काही चिकटवलंय का? न उघडता बघा.

निळा_सुरमा

मी फाइन आर्ट्सला पेंटिंगला आहे, इथे सगळे मोठे बोलतायत पण दोन गोष्टी राहवत नाहीत म्हणून लिहिते.

गलबतवाला काकांनी प्रसंग कधीचा ते सांगितलं, पण चित्र कधी काढलं हा वेगळा प्रश्न आहे ना. परदेशी लोक यायला लागल्यावर जपानमधे त्यांना विकायला रेशमावर जुन्या बंदराची, जहाजांची चित्रं काढणं हा मोठा धंदाच झाला, १८५५ चा देखावा १८९० मधेही काढत असतील. रंगावरून थोडं कळतं. समुद्राचा निळा खोल, एकसारखा, शाईसारखा असेल तर तो बर्लिनचा निळा, प्रशियन ब्लू, तो जपानमधे १८३० च्या सुमारास भरपूर यायला लागला. कणीदार, किंचित हिरवट चमक असलेला असेल तर ॲझुराइट, महागडा. आणि कुठे भडक जांभळा किंवा गुलाबीसर लाल असेल तर रासायनिक रंग, पहिला १८५६ मधे निघाला, म्हणजे चित्र त्याच्या नंतरचं. ताई, मोबाइलचा टॉर्च एका बाजूने तिरपा धरून लांबून एक फोटो काढा, फक्त काही सेकंद, कण दिसतील.

दुसरं, रेशमावर मागूनही रंगवतात! मागच्या बाजूने पांढरा किंवा रंग लावायचा म्हणजे पुढून तो विणीतून मऊ दिसतो, धुकं, धूर, लांबचे डोंगर असे येतात. तुमच्या आगबोटीचा धूर तसा असेल तर प्लायवर चिकटवल्यावर तो कायमचा गेला असता. हे वाचून माझ्या अंगावर काटा आला.

आणि शिक्क्यांवरून घाईने मोठ्या चित्रकाराचं नाव लावू नका. नागासाकीचा कावाहारा केइगा म्हणून होता, जन्म १७८६ चा, त्याला देजिमावर जायची परवानगी होती आणि त्याने फोन सीबोल्ट नावाच्या डॉक्टरसाठी झाडं, मासे, माणसं, जहाजं, सगळं काढलं, त्यातलं बरंच हॉलंडमधे लायडनला आहे. गच्चीतून जहाज बघणारे लोक त्याच्याही चित्रात आहेत. त्यामुळे कोणीतरी इथे लगेच तेच नाव घेईल म्हणून आधीच सांगते. मला वाटतं त्याच्यानंतरच्या कुणाचं तरी असेल, आणि त्याने ते कमी होत नाही. ३१ होड्या, प्रत्येकीत वल्हं मारणारी माणसं, केसाएवढा पूल, हे ज्याने काढलं त्याने त्या धक्क्यावर उभं राहून बघितलंय.

आम्हाला पहिल्या वर्षी कीर्तिमंदिरात नंदलाल बोसांची भित्तिचित्रं बघायला नेलं होतं, तेव्हा सरांनी सांगितलं की बंगालच्या मंडळींनी पातळ थरांचं रंगकाम जपानी चित्रकारांकडून घेतलं, १९०३ मधे तायकान आणि शुनसो कलकत्त्यात राहून गेले, नंदलालबाबू स्वतः १९२४ मधे जपानला जाऊन आले. तेव्हापासून मला खरं जपानी रेशमाचं काम हाताच्या अंतरावरून बघायचंय. ताई, तुमची हरकत नसेल तर एकदा येऊ का? हात लावणार नाही.

कमाटीबाग_निवृत्त

मुलगी बरोबर बोलतेय, सगळं. टॉर्च मात्र एकदाच, आणि तो फोटो सांभाळून ठेवा, पुढे दुरुस्ती करणाऱ्याला लागेल. डागाचा फोटो आज आणि आठ दिवसांनी, शेजारी पट्टी ठेवून काढा, म्हणजे पसरतोय की थांबलाय ते कळेल.

दांडियाबाजारची_लेक

उशीर झाला उत्तराला, आजीला ताप होता, आता बरी आहे.

फ्रेमच्या मागे हार्डबोर्ड नाही, पातळ फळ्या आहेत, आणि फळ्यांच्या फटींवर वर्तमानपत्राच्या पट्ट्या चिकटवल्यात, मराठी. एका पट्टीवर १९३४ दिसतंय, बाकी वाळवीने खाल्लंय. म्हणजे फ्रेम तेव्हाची किंवा नंतरची. सासऱ्यांच्या ट्रंकेत नोकरीचे कागद आहेत, चित्राबद्दल ओळ नाही. रावपुरा टॉवर, तुमचं म्हणणं मला पटतंय, पण आजीला अजून सांगितलेलं नाही आणि खरं सांगायचं तर महाराजांचं सांगायची माझी हिंमत होईल असं वाटत नाही.

निळा कणीदार आहे, तिरप्या उजेडात वाळूसारखा चमकला. पण चिनी बोटीवरच्या एका माणसाच्या कपड्यात भडक जांभळा आहे, अगदी बोटाच्या नखाएवढा. सुरमाताई, म्हणजे १८५६ नंतरचं ना?

मुंबईचं सांगितलं मात्र आजीला. तिचं माहेर रत्नागिरीचं, १९५४ साली लग्न होऊन आली तेव्हा आधी बोटीने मुंबईला आणि मग रेल्वेने इकडे. बडोद्यात समुद्र नाही. म्हणाली, पहिलं वर्षभर दुपारी सगळे झोपले की मी या झोपाळ्यावर बसून त्या बाईकडे बघायची, मला वाटायचं तिच्या घरचं कोणीतरी बोटीतून उतरणार आहे. मी सांगितलं की आजी, हे नागासाकी आहे, जपानमधलं. तिने नाव दोनदा म्हणून घेतलं. मग म्हणाली, तिथे तर बॉम्ब पडला ना ग. आणि खूप वेळ गप्प बसली. नंतर विचारलं, तो पूल आहे का अजून. गलबतवाला काका, मला उत्तर देता आलं नाही, तुम्हाला माहीत आहे का?

गलबतवाला_सुरत

आजींना नमस्कार सांगा. बॉम्ब ९ ऑगस्ट १९४५ ला पडला तो उत्तरेला उराकामीच्या बाजूला, देजिमापासून लांब, तिथे पण इमारतींचं नुकसान झालं. जुना पूल त्याच्या आधीच गेला होता, नदी वळवून रुंद केली तेव्हा. पण नागासाकीच्या लोकांनी जुनी चित्रं आणि नकाशे बघून बेटावरची घरं एकेक करून परत बांधलीत, आणि २०१७ मधे नवा पूलही टाकला, साधारण जुन्याच जागी. चालत जाता येतं आता, कोणी अडवत नाही. आजींना सांगा पूल आहे.

दांडियाबाजारची_लेक

सांगितलं. "बरं झालं" म्हणाली.

कमाटीबाग काकांनी ज्या दुरुस्ती करणाऱ्यांचा नंबर दिला त्यांच्याशी बोलणं झालंय, ते गुरुवारी घरी येऊन बघणार, मग ठरवतील इथेच उघडायचं की मुंबईला पाठवायचं. सुरमाताई, तू पण गुरुवारी ये, दुपारी चारनंतर, आजीने सांगितलंय चहाला थांबायचं. तिची एकच अट आहे, भिंत रिकामी ठेवायची नाही, म्हणून तो लांबून काढलेला फोटो मोठा छापून आणलाय आणि कोरड्या भिंतीवर लावलाय, झोपाळाही तिकडे वळवलाय. फोटोत बाई नीट येत नव्हती, तेवढा भाग वेगळा मोठा करून शेजारी लावला.